रिकामा रकाना ठेवू नये

करोल बाग,
६ फेब्रुवारी २०२५

वल्लरी,

'चिरंजीव' लिहू की नको या विचारात पाच मिनिटं गेली, म्हणून नुसतं नाव लिहून पुढे निघाले आहे. माझा नंबर तू फोनवर बंद करून ठेवलास. व्हॉट्सॲपवर तुझा फोटो असायचा, तिथे जूनपासून एक राखाडी मुंडकं बसलं आहे. तेव्हा आता पोस्ट खात्याला शरण. पत्र फाडायचं तर फाड. फाडतानासुद्धा चार ओळी डोळ्यांखालून जातातच.

काल अलका आली होती. अजून आपल्याच वॉर्डात आहे, अजून उशिराच येते आणि अजून मेट्रोला दोष देते. तिच्याकडून कळलं की तू यंदा पुन्हा हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचे फॉर्म भरलेस, एक गुडगावला, एक पुण्याला. ऐकून जिवात जीव आला. मला वाटलं होतं, गेल्या वर्षीच्या एका नकाराने तू तो नाद सोडलास, आणि सोडलास तो माझ्यामुळे.

गेल्या वर्षीचं उगाळत बसायचं नाही असं ठरवूनच बसले होते, पण ते ओलांडून पुढे जाता येत नाही. ज्यांच्या हाताखाली काम केलं अशा वरिष्ठांचं शिफारसपत्र त्या कॉलेजला हवं होतं. माझ्याहून जवळचं कोण होतं? चार वर्षं माझ्या वॉर्डात नर्स, आणि वडिलांची नागपूरला बदली झाल्यावर तीन वर्षं माझ्याच आतल्या खोलीत. कॉम्प्युटरवर फॉर्म आला, मी एका बोटाने भरला. तू मुलाखतीला गेलीस, आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आपने गलत पेशंट को इंजेक्शन दिया था, ना?"

घरी येऊन तू मोठ्याने बोलली नाहीस. "मावशी, तुम्ही?" एवढंच म्हणालीस. आणि मी काय म्हणावं? उचलली जीभ लावली टाळ्याला. "खोटं लिहिलं का?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी तुझी बॅग दाराशी होती आणि मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसले होते. एवढी बारीक कोथिंबीर मी जन्मात निवडली नव्हती.

जे लिहिलं ते खरं होतं, हे मी आजही म्हणेन. बाकी बरी आहे. आतल्या खोलीतला पंखा आता आवाज करत नाही, दुरुस्त करून घेतला.

कुमुदिनी साळवे


करोल बाग,
२४ फेब्रुवारी

वल्लरी,

पत्र परत आलं नाही, त्या अर्थी पोचलं. उत्तर आलं नाही, त्या अर्थी वाचलंस.

मागच्या पत्राच्या शेवटाकडची एक ओळ पत्र टाकल्यावर आठ दिवस मला टोचत राहिली. 'जे लिहिलं ते खरं होतं.' काय मोठी राणी हरिश्चंद्राची! म्हणून आज नीट सांगते काय झालं ते.

त्या फॉर्मवर वीस प्रश्न होते. वक्तशीरपणा, सचोटी, सहकाऱ्यांशी वागणूक, सगळीकडे मी तुला 'चांगली' दिलं. 'उत्कृष्ट' असाही एक पर्याय होता, पण आमच्या सरकारी नोकरीत 'उत्कृष्ट' कोणी कोणाला देत नाही. मी छत्तीस वर्षांत शंभरेक मुलींचे गोपनीय अहवाल लिहिले, एकीलाही दिलं नाही. मलाही कोणी दिलं नाही. 'चांगली' म्हणजे आमच्यात डोक्यावरून पाणी. प्रायव्हेट कॉलेजात त्याचा अर्थ 'बरी आहे, चालवून घ्या' असा होतो, हे मला कोण सांगणार?

शेवटचा रकाना होता उमेदवाराच्या कमतरतेचा किंवा चुकीचा. तुझ्यात काय कमतरता लिहू? दूध उतू घालवतेस, 'ओशाळणं'सारखे शब्द तुला कळत नाहीत, हे काय लिहायचं? अर्धा तास त्या चौकटीकडे बघत होते. आणि रिकामी सोडणं मला जमेना. तुला ठाऊक आहे, मी वॉर्डात काय ओरडायचे ते. चार्टवर रकाना रिकामा दिसला की ड्यूटी संपलेल्या मुलीला मी बसस्टॉपवरून परत बोलावून घ्यायचे. तुलाही एकदा आणलं होतं.

म्हणून मी लिहिलं, एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला दिलं, स्वतः कळवलं. इंग्रजीत दहाएक शब्द. चार्टवर लिहितात तसं. चार्टवर कौतुक लिहीत नाहीत.

गेल्या आठवड्यात अलकाला तो फॉर्म दाखवला. ती वाचून आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, "मॅडम, ये तो ऑप्शनल था. हे भरायचंच नव्हतं." रकान्याशेजारी इतकुशा अक्षरात लिहिलं होतं, ऐच्छिक. बाकी सगळ्या प्रश्नांपुढे लाल चांदणी होती, त्याच्यापुढे नव्हती. आणि त्या चांदणीला काही अर्थ असतो हे मला माहीतच नव्हतं. बाई, रकाना ऐच्छिक असू शकतो, ही कल्पनाच मला कधी शिवली नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फरक इतकाच की हात माझा आणि अवलक्षण तुला. माझं चुकलं, वल्लरी. हे मी जूनमध्ये म्हणायला हवं होतं, दाराशी बॅग असताना. तेव्हा कोथिंबीर निवडत बसले.

गुडघा ठीक आहे. खरं म्हणजे ठीक नाही, पण चालतो.

तुझी,
मावशी (चालत असेल तर)


करोल बाग,
१७ मार्च

वल्लरी,

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटर उघडला तर दोन पत्रं. एक गुडगावच्या कॉलेजचं, एक पुण्याच्या. 'वल्लरी देवस्थळी यांनी शिफारसीसाठी आपलं नाव दिलं आहे.' मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. हुरळून जाऊ नये म्हणून लगेच अलकाला फोन केला. तिने खुलासा केला की तुझ्या आताच्या हॉस्पिटलातल्या मॅडम शिफारस देत नाहीत, तू सोडून गेलीस तर त्यांचं आयसीयू कोण सांभाळणार? म्हणजे तुझा नाइलाज झाला. असू दे. नाइलाजाने का होईना, तुला माझं नाव आठवलं.

दोन्ही फॉर्मवर तो रकाना पुन्हा आहे. दोन्हीकडे चांदणी नाही. या खेपेला आधी तेच बघितलं.

भरण्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी कोणालाच सांगितलेली नाही, आईलाही नाही, आणि चर्चमध्ये गुडघे टेकूनही ती मी नुसती पुटपुटले आहे.

१९९१ साल. मी एकोणतीस वर्षांची, नगरहून दिल्लीत येऊन पाचवं वर्ष. सतरा नंबरच्या खाटेवर साखरेचे एक आजोबा होते. सकाळी मी त्यांना इन्सुलिन दिलं. त्यानंतर अर्ध्या तासात त्यांनी खायला हवं, हे तुला सांगायला नको. ट्रॉली उशिरा आली, मी दुसऱ्या पेशंटकडे गेले आणि विसरले. आजोबा बेशुद्ध झाले. ग्लुकोज लावलं, दोन दिवसांत उठून बसले, चौथ्या दिवशी घरी गेले. पण चौकशी लागली.

चार्टवर आहाराचा रकाना रिकामा होता. मी तो नंतर भरला. लिहिलं, 'आयाला जेवण द्यायला सांगितलं होतं.' मी सांगितलं नव्हतं. आया होती सरबती, रोजंदारीवरची, पानिपतची. तिला एका दिवसात काढून टाकलं. जाताना ती माझ्याकडे नुसती बघून गेली. माझी नोकरी राहिली, पुढे बढत्या मिळाल्या, निरोपाच्या वेळी 'शिस्तीचं दुसरं नाव' असं लिहिलेलं मानपत्रही मिळालं.

रकाना रिकामा ठेवू नये आणि मागाहून भरू नये, हे मी तुम्हां पोरींना जे दरडावत आले ना, ते तिथून आलं आहे.

आता तुझं ऐक. २०२१च्या त्या दुपारी तू नऊ नंबरचं अँटिबायोटिक दहा नंबरच्या बाईंना दिलंस. दोन मिनिटांत तुझ्या लक्षात आलं. त्या वेळी तिथे कोणी नव्हतं. त्या बाईंनाही कळलं नव्हतं. तू पळत डॉक्टरांकडे गेलीस, मग माझ्याकडे आलीस, मग त्यांच्या मुलासमोर हात जोडून उभी राहिलीस. संध्याकाळपर्यंत त्यांच्या खाटेशी बसून दर पंधरा मिनिटांनी नाडी लिहीत होतीस. घटनेच्या वहीत स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलंस. एक शब्द खोडलेला नव्हता. मी तुला खूप बोलले त्या दिवशी. आणि मग औषधांच्या खोलीत जाऊन रडले. तुला वाटलं असेल मी रागावले म्हणून तिकडे गेले. तसं नव्हतं. तू तेवीस-चोवीस वर्षांची पोर, जे मला एकोणतिसाव्या वर्षी जमलं नाही ते तू दोन मिनिटांत केलंस. तुझ्याएवढी सरळ मुलगी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. हे मी तुला तोंडावर एकदाही म्हटलं नाही. आज म्हणते.

मग वाटलं, आपण दुसऱ्याच्या चुका लिहिणार आणि आपली झाकून ठेवणार? शनिवारी अलकाला बरोबर घेऊन पानिपतला गेले. आपल्या जुन्या वॉर्डबॉयकडून पत्ता मिळाला होता. सरबती सत्तरीची झाली आहे. मुलाचे माग आहेत, दारात खेसाच्या जाड चादरी वाळत घातल्या होत्या. मी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मन्नै तो उसे दिन बेरा था, सिस्टरजी." तिला त्याच दिवशी ठाऊक होतं. चौतीस वर्षं ठाऊक होतं. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही मागे लागले नाही. सुनेने चहा आणला, तो प्यायलो. निघताना एवढंच म्हणाली, "फेर आइयो." मी पुन्हा जाणार आहे.

आता कामाचं. सोबत दोन कागद जोडले आहेत. अलकाने छापून दिले. दोन्हीत वीस प्रश्नांना मी 'उत्कृष्ट' दिलं आहे. ते देताना बोट जरा अडलं, जित्याची खोड, पण दिलं. एका कागदावर शेवटचा रकाना कोरा आहे. दुसऱ्यावर ती घटना आहे, सगळी, वर लिहिली तशी, आणि शेवटी हे वाक्य: 'जिथे चुका लपवल्या जात नाहीत असं रुग्णालय चालवायला अशी माणसं लागतात.' शिफारस गोपनीय असते म्हणे. असू दे. एकदा तुला न विचारता लिहून बघितलं, पुन्हा तसं करणार नाही.

तू म्हणशील तो कागद जाईल. तारीख एकतीस आहे. कोरा म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही. खोटं कशाला लिहू, थोडं वाटेल.

मावशी


करोल बाग,
२ एप्रिल

चिरंजीव वल्लरी,

तुझं पत्र २९ तारखेला मिळालं. चार ओळींत सहा चुका आहेत, आणि दिल्लीच्या शाळेला आता काय बोलणार? 'साळवे सिस्टर, दुसरा फॉर्म पाठवा, भरलेला.' आणि खाली, 'मावशी, गुडघ्याला काय झालं?' एकाच कागदावर मी दोन बायका झाले, पण दोघींनाही बरं वाटलं.

दुसरा फॉर्म त्याच दिवशी दोन्हीकडे गेला. अलका साक्षीला होती.

गुडघ्याला डॉक्टर शस्त्रक्रिया म्हणतात, मी तेल म्हणते. मुलाखतीला साडी नको नेसूस, तुला सांभाळत नाही. तो निळा सलवार-कमीज घाल. आणि उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हण, हसून वेळ मारून नेऊ नकोस.

मावशी


करोल बाग,
२६ मे

चि. वल्लरी,

दोन्हीकडे निवड! फोन आला तेव्हा मी भाजीवाल्याशी भांडत होते. भांडण तसंच सोडलं आणि त्याला कोथिंबिरीची जुडी परत देऊन टाकली. तो अजून चक्रावलेला आहे.

तू विचारलंस, कुठे जाऊ? फोनवर मी 'लिहून कळवते' म्हणाले. तुला हसू आलं. फोन आता चालू असताना पत्र कशाला? पण मला बोलताना दोन्ही बाजूंनी बोलता येतं, लिहिताना येत नाही.

कॉलेजची पुस्तिका बघून ठरवू नकोस. त्यात सगळीकडे हिरवळ असते आणि मुली फाइली छातीशी धरून हसत असतात. ज्या हॉस्पिटलात मुलांना शिकायला पाठवतात तिथे सकाळी आठला, ड्यूटी बदलताना, जाऊन उभं राहायचं. म्हणून गुडगावच्या हॉस्पिटलात मी स्वतः गेले. हो, मेट्रोने. गुडघ्यासह. पुण्याला माझी नगरची वर्गमैत्रीण वैजयंती आहे, निवृत्त मेट्रन, माझ्याहून खडूस. तिला पाठवलं. दोघींनी सारखेच प्रश्न घेतले होते. म्हातारं माणूस एकटं आलं तर त्याला वाट कोण दाखवतं? ड्यूटी बदलताना दोन्ही नर्सेस खाटेशी जाऊन बोलतात की लांबूनच? तुझ्या शाखेची मुलं कुठे दिसतात?

गुडगावचं चांगलं आहे. उगाच नावं ठेवणार नाही. स्वच्छ, गार, शिकवणारे हुशार, नोकऱ्या सगळ्यांना लागतात. पण चौकशीच्या टेबलाशी एक आजी एक्स-रे कुठे म्हणून तीन वेळा विचारत होत्या आणि तिन्ही वेळा मुलीने स्क्रीनकडे बघतच बोट दाखवलं. शेवटी मीच सोडून आले त्यांना. तुझ्या शाखेची मुलं वरच्या मजल्यावर काचेमागे बसलेली दिसली. खाली कोणी नव्हतं.

पुण्याची इमारत जुनी आहे. वैजयंतीच्या शब्दांत, 'रंग बघून रडू येईल.' पण तिथे पहिल्या वर्षाची मुलं केसपेपरच्या खिडकीत बसतात, धोबीखान्यात जातात, रात्रपाळीचा निरोप ऐकायला खाटेशी उभी राहतात. आणि वॉर्डात एक वही उघडी टांगलेली आहे, काय चुकलं ते कोणीही लिहावं अशी. वैजयंतीने मुद्दाम चाळली. भरलेली होती.

तूच सांगितलंस ना, गुडगावला त्या इंजेक्शनबद्दल कोणी विचारलंच नाही, आणि पुण्याला त्यावर वीस मिनिटं बोलले. 'चूक कशी झाली' हे एकदाच विचारलं, 'त्यानंतर तुम्ही काय काय केलंत' हे परत परत विचारलं. हे सांगताना तुझा आवाज कसा झाला होता, ते तुला नसेल कळलं. मला कळलं.

आता जे लपवत होते ते. हे पत्र मी याआधी एकदा लिहिलं होतं. चार पानं. त्यात गुडगाव कसं बरं, हे पंधरा मुद्द्यांनी सिद्ध केलं होतं. एकच मुद्दा खरा होता, तो मी लिहिला नव्हता. गुडगाव इथून मेट्रोने तासाभरावर आहे. तू आतल्या खोलीत राहशील, पंखा दुरुस्त आहे, संध्याकाळी दूध उतू घालवशील आणि मी ओरडेन. दहा महिन्यांनी तू परत मिळालीस आणि मी स्वतःच्या हाताने तुला पुण्याच्या गाडीत बसवू? पण चौथ्या पानावर आले आणि १९९१चा चार्ट आठवला. मी पुन्हा तेच करत होते, मला सोयीचं ते रकान्यात भरत होते. पानं फाडली.

म्हणून शेवटी हा माझा अहवाल. पट्टीने रेघा मारून चौकटी आखल्या आहेत. हसू नकोस.

उमेदवार: वल्लरी देवस्थळी.
कुठे जावं: पुणे.
श्रेणी: उत्कृष्ट.
शिफारस करणारीची कमतरता (ऐच्छिक): मुलगी लांब गेली की हिला करमत नाही. गेल्या वर्षी सिद्ध झालं आहे. उमेदवाराने निर्णय घेताना हे जमेस धरू नये, फक्त दर रविवारी फोन करावा.

ऐच्छिक आहे, मला दिसलं. तरी भरला.

मावशी